न्यायालयाबाहेरचा युक्तिवाद : वकिलांचे भाष्य, राजकीय नीती आणि खेळाचा कायदा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून पश्चिमेकडे अदालत रोड जिल्हा न्यायालयाकडे जातो आणि पूर्वेकडे जालना रोड मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे नेतो. १८५७ च्या उठावात सामील झालेल्या सैनिकांना ज्या काळ्या चबुतऱ्यापाशी देहदंड दिला गेला, त्याच्या स्मृतीशी या चौकाचे नाव जोडलेले आहे, आणि ९ ऑगस्ट २०१६ रोजी पहिला मराठा क्रांती मोर्चाही येथूनच निघाला. शहरातली धरणी, उपोषणे, निदर्शने आणि विजयोत्सव यांची जागा ठरून गेलेली आहे. गाजलेल्या खटल्याचा निकाल लागला की फटाके किंवा घोषणा याच चौकात ऐकू येतात, आणि त्या निकालाचा अर्थ सांगण्यासाठी काळा कोट घातलेल्या कुणाला तरी कॅमेऱ्यासमोर उभे केले जाते. न्यायालयात रोज उभे राहणाऱ्या माणसाने न्यायालयाबाहेर, वृत्तपत्राच्या स्तंभातून किंवा दूरचित्रवाणीच्या चर्चेतून, राजकीय नीतीविषयी आणि खेळाच्या कारभाराविषयी केलेले भाष्य हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

राजकीय नीती आणि खेळाचा कायदा हे दोन विषय एकत्र का घ्यावेत, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रापुरते त्याचे पहिले उत्तर सोपे आहे : विधानभवनात बसणारी माणसे आणि क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत बसणारी माणसे अनेकदा तीच असतात. दुसरे उत्तर जरा खोलात जाणारे आहे. आमदार जनतेच्या वतीने अधिकार वापरतो आणि क्रीडा संघटनेचा अध्यक्ष खेळाडूंच्या व प्रेक्षकांच्या वतीने, परंतु दोघांच्याही बाबतीत कायद्याने मना केलेले आणि पदाला न शोभणारे यांत मोठे अंतर असते, आणि त्या अंतरात काय चालते हे सामान्य नागरिकाला समजावून सांगण्याची पात्रता ज्यांच्याकडे आहे अशांत वकील अग्रभागी आहेत. कायदा कुठपर्यंत पोहोचतो, पुराव्याने काय सिद्ध झाले आहे आणि पदाची मर्यादा काय मागते, हे तीन प्रश्न जो भाष्यकार वेगवेगळे ठेवतो त्याचे भाष्य टिकते, आणि जो ते एकमेकांत मिसळतो त्याचे भाष्य दुसऱ्या दिवशीच्या बातमीबरोबर वाहून जाते, अशी या विवेचनाची धारणा आहे.

या प्रकारच्या भाष्याला महाराष्ट्रात अलीकडे सर्वांत मोठा श्रोतृवर्ग मिळाला तो जून २०२२ नंतर. शिवसेना फुटली तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातल्या पक्षाच्या सहा आमदारांपैकी पाच जण एकनाथ शिंदे यांच्या बाजूला गेले, आणि प्रतोद, गटनेता, अपात्रता हे तोवर विधिमंडळाच्या कामकाजापुरते असलेले शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. त्यामागचा कायदा थोडक्यात असा : १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला दहावे परिशिष्ट जोडले गेले, ज्यानुसार स्वेच्छेने पक्ष सोडणारा किंवा पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाविषयीचा पक्षादेश, मोडणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना मिळणारे संरक्षण २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून घेण्यात आले आणि दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची वाट तेवढी उरली. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून मूळ राजकीय पक्षाचा आहे आणि राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, असे सांगितले. तरीही उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा आणता येणार नाही, असेही त्याच निकालात नमूद केले. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गटालाच खरी शिवसेना मानले आणि दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही.

या दीड वर्षात पुण्याचे घटनातज्ज्ञ उल्हास बापट आणि दिल्लीतून मराठी वाहिन्यांना सुनावणीचा अर्थ सांगणारे ॲड. सिद्धार्थ शिंदे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे मराठी प्रेक्षकाला घटनापीठासमोरच्या युक्तिवादाची खरी ओळख झाली, आणि तिचे मोल मान्य केले पाहिजे. मात्र त्याच काळात एक दोषही ठळकपणे पुढे आला. सूत्रसंचालकाचा प्रश्न बहुधा सरकार पडणार की टिकणार एवढाच असे, आणि कायद्याच्या जाणकाराला त्याचे उत्तर देण्याचा मोह आवरत नसे. भाकीत चुकले की श्रोत्याचा विश्वास भाकितावरून उडतो तसा कायद्यावरूनही उडतो, कारण त्याच्या लेखी दोन्ही एकाच तोंडून आलेले असते. पक्षांतराचा निर्णय अध्यक्षांनी किती काळात द्यावा याची मुदतच दहाव्या परिशिष्टात नाही, ही खरी त्रुटी होती आणि आजही आहे; तिच्यावर जितका वेळ खर्च व्हायला हवा होता तितका झाला नाही.

राजकीय नीतीची चर्चा न्यायालयाच्या निकालावरून सुरू होऊन निकालाच्या पुढे जाते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राने चार वर्षांच्या अंतराने पाहिली. जानेवारी १९८२ मध्ये न्या. बख्तावर लेंटिन यांनी सिमेंटचे वाटप आणि मुख्यमंत्र्यांशी संबंधित न्यासाला मिळालेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले. १९८६ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री असताना त्यांच्या कन्येच्या एम. डी. परीक्षेतील गुणवाढीचे प्रकरण उच्च न्यायालयात आले आणि निकालानंतर त्यांनीही राजीनामा दिला. हे दुसरे प्रकरण अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. ते वरच्या पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून गुण बदलले हे थेट सिद्ध होते काय, हा प्रश्न आणि परिस्थिती पाहता त्यांच्या वर्तनावर न्यायालयाने टिप्पणी करावी काय, हा प्रश्न तेथे वेगवेगळे ठरले. सार्वजनिक जीवनातल्या मूल्यांची घसरण न्यायालयाला नजरेआड करता येणार नाही, असा त्या निकालाचा सूर होता. सिद्धतेचा अभाव म्हणजे निर्दोषत्वाचे प्रशस्तिपत्र, असे समीकरण आज चर्चांमधून सर्रास मांडले जाते. ते मराठवाड्याच्याच एका मुख्यमंत्र्याच्या प्रकरणात इतक्या आधी तपासले गेले होते, याचा विसर पडणे खेदाचे आहे.

छत्रपती संभाजीनगरात असे विचार मांडण्याची परंपरा नवी नाही. २७ ऑगस्ट १९८१ रोजी उच्च न्यायालयाचे कामकाज येथे सुरू झाले आणि १९८४ पासून खंडपीठ कायम झाले. तत्पूर्वी मराठवाड्यातल्या पक्षकाराला प्रत्येक तारखेसाठी मुंबई गाठावी लागत होती. खंडपीठाबरोबर वकिलांची मोठी पिढी शहरात वसली आणि तिच्यातून लिहिणारेही पुढे आले. न्या. नरेंद्र चपळगावकर यांचे नाव त्यांत प्रथम घ्यावे लागते. बीडमध्ये जन्मलेले, मराठीचे अध्यापन केलेले, नंतर वकील आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले चपळगावकर २०२३ मध्ये वर्धा येथे भरलेल्या ९६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘तीन न्यायमूर्ती आणि त्यांचा काळ’ यांसारख्या ग्रंथांतून त्यांनी न्यायाधीशांची चरित्रे त्यांच्या काळाच्या संदर्भात मांडली. कायद्याविषयी मराठीत लिहिताना आवाज चढवावा लागत नाही, हे त्यांच्या लेखनातून शिकण्यासारखे आहे, आणि दूरचित्रवाणीच्या चर्चेत भाग घेणाऱ्या तरुण वकिलांनी ते आवर्जून वाचावे.

वकिलाने बाहेर बोलण्याला स्वतःच्या व्यवसायाचेही कुंपण आहे. वकील कायदा, १९६१ खाली भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या नियमांतला ३६ वा नियम वकिलाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करण्यास मनाई करतो, आणि अप्रत्यक्ष जाहिरातीत कशाकशाचा समावेश होतो हे सांगताना तो ज्या प्रकरणात वकील स्वतः उभा आहे त्याविषयी वृत्तपत्रात मजकूर पुरवणे किंवा छायाचित्र छापून आणणे यांचाही स्पष्ट उल्लेख करतो. म्हणजे परक्याच्या खटल्यावर अभ्यासू लेख लिहिणाऱ्याला हा नियम आडवा येत नाही; आपल्याच खटल्याची बाजू न्यायालयाच्या पायरीवर मांडणाऱ्याला मात्र तो थेट लागू होतो. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट. सुनावणी संपताच पायरीवर दिलेली प्रतिक्रिया हीच सर्वाधिक दाखवली जाते, आणि ती देणारा आपण एका पक्षकाराचे वकील आहोत हे सांगतोच असे नाही. न्यायालयाचा अवमान हे दुसरे कुंपण. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या पाचव्या कलमानुसार अंतिम निकालावरील रास्त टीका हा अवमान ठरत नाही आणि २००६ च्या दुरुस्तीनंतर लोकहितासाठी मांडलेले सत्य हाही बचाव होऊ शकतो. त्यामुळे निकालावर टीका केली की कारवाई होते, ही समजूत जितकी चुकीची आहे तितकीच न्यायाधीशांच्या हेतूविषयी मनाला येईल ते बोलण्याची मुभा आहे, ही समजूतही. भाष्यकाराने बोलण्यापूर्वी स्वतःचे हितसंबंध जाहीर करावेत, असा साधा दंडक वाहिन्यांनी आणि वृत्तपत्रांनी घालून घेतला तर यातले बरेचसे प्रश्न सुटतील.

हितसंबंधांचा हाच प्रश्न खेळाच्या कायद्याच्या मुळाशी आहे. खेळाचा कायदा असा एखादा स्वतंत्र ग्रंथ नाही. संघटनांच्या घटना, निवडणुका, खेळाडूंची निवड, करार, उत्तेजक द्रव्यांची चाचणी, प्रक्षेपणाचे हक्क आणि प्रेक्षकांची सुरक्षितता यांना लागू होणाऱ्या नियमांचा तो समुच्चय आहे. त्यातला पहिला अवघड प्रश्न असा की, भारताचा संघ निवडणारी परंतु नोंदणीने खासगी असलेली संस्था कुणाला उत्तरदायी असते. २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी, क्रिकेट नियामक मंडळ संविधानाच्या १२ व्या अनुच्छेदाच्या अर्थाने ‘राज्य’ नाही, असे ठरवले. मात्र ते सार्वजनिक स्वरूपाचे काम करत असल्यामुळे २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात त्याच्याविरुद्ध दाद मागता येईल, ही वाट मोकळी ठेवली. पुढच्या अनेक लढाया या मोकळ्या वाटेनेच झाल्या.

मुंबई क्रिकेट संघटनेचा इतिहास पाहिला तर राजकारण आणि खेळ यांच्यातले दार कधी बंदच नव्हते असे दिसते. ज्यांच्या नावाचे मैदान आहे ते शेषराव वानखेडे विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतरच्या काळात मनोहर जोशी आणि शरद पवार यांनी संघटनेचे अध्यक्षपद भूषवले. मराठवाड्याचे दोन मोठे नेतेही या शर्यतीत उतरले. जुलै २०११ मध्ये लातूरचे विलासराव देशमुख केंद्रीय मंत्री असताना दिलीप वेंगसरकर यांचा पराभव करून अध्यक्ष झाले. त्याआधी काही महिने, डिसेंबर २०१० मध्ये, विदर्भातल्या एका सावकार कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांची तक्रार नोंदवू नये म्हणून मुख्यमंत्री कार्यालयातून झालेल्या हस्तक्षेपाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला १० लाख रुपयांचा दंड केला होता, आणि तो हस्तक्षेप विलासरावांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातला होता. २०१३ मध्ये परळीचे गोपीनाथ मुंडे यांनी अध्यक्षपदासाठी अर्ज भरला, तो मुंबईत कायम रहिवास असण्याच्या अटीवरून बाद झाला, त्यांनी दिवाणी न्यायालयात धाव घेतली आणि शरद पवार बिनविरोध निवडून आले. २०११ च्या निवडणुकीत हरलेला उमेदवार भारताचा माजी कर्णधार होता आणि जिंकलेला केंद्रीय मंत्री, यात बेकायदा काहीच नव्हते. एखादा मंत्री संघटना उत्तम चालवू शकतो आणि एखादा माजी खेळाडू ती बुडवू शकतो, हेही खरे. परंतु ज्या शासनाकडून मैदानाची जमीन, करमणूक कराची सवलत आणि पोलीस बंदोबस्त मिळवायचा, त्या शासनात वजन असलेल्या व्यक्तीनेच संघटनेच्या वतीने ते मागायचे, या रचनेतला दोष कुणाच्या व्यक्तिगत प्रामाणिकपणाने नाहीसा होत नाही.

या दोषाला न्यायालयात नाव मिळाले ते २०१३ च्या आयपीएलमधील सट्टेबाजीच्या प्रकरणात. मंडळाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्स कंपनीकडेच चेन्नई सुपर किंग्ज संघाची मालकी होती, आणि आरोपांची चौकशी मंडळानेच नेमलेले दोन निवृत्त न्यायाधीश करत होते. ३० जुलै २०१३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती चौकशी समितीच बेकायदा ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्या. मुकुल मुदगल यांची समिती नेमली गेली आणि २२ जानेवारी २०१५ च्या निकालात न्या. टी. एस. ठाकूर यांच्या पीठाने, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आयपीएलमध्ये व्यापारी हितसंबंध ठेवू देणारा ६.२.४ हा नियमच रद्द केला. नियम २००८ मध्ये बदलून घेतलेला होता. म्हणजे आधी हितसंबंध तयार झाला आणि मग त्याला सोयीचा नियम. ज्या विद्यार्थ्याला राजकीय नीती म्हणजे काय ते एकाच कागदावरून शिकायचे आहे, त्याने या एका नियमाची दुरुस्तीपूर्व आणि दुरुस्तीनंतरची वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत.

या काळात वकिलाच्या जाहीर भूमिकेचे ठळक उदाहरण नागपूरने दिले. व्यवसायाने वकील असलेले आणि मंडळाचे अध्यक्षपद आधी सांभाळलेले शशांक मनोहर यांनी २०१३ मध्येच श्रीनिवासन यांनी पायउतार व्हावे, अशी मागणी उघडपणे केली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते पुन्हा अध्यक्ष झाले तेव्हा हितसंबंधांविषयीचे नियम करण्यात आले आणि मूळचे सोलापूरचे निवृत्त न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह यांची लोकपाल, म्हणजे तक्रारींचा निवाडा करणारा स्वतंत्र अधिकारी, म्हणून नेमणूक झाली. माणसाने बाहेरून केलेली मागणी आत गेल्यावर कितपत पाळली, ही कसोटी भाष्यकाराला क्वचितच लागते. मनोहर यांना ती लागली आणि निदान या एका बाबतीत ते तिला उतरले असे म्हणता येते.

मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्या. आर. एम. लोढा समितीच्या शिफारशी १८ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुतांशी मान्य केल्या : मंत्री आणि शासकीय सेवक यांना पदबंदी, ७० वर्षांची वयोमर्यादा, सलग पदे भूषवण्यात सक्तीची विश्रांती, आणि एका राज्याला एकच मत. शेवटच्या शिफारशीने महाराष्ट्रात खळबळ माजली, कारण मुंबई, विदर्भ आणि पुण्यात मुख्यालय असलेली महाराष्ट्र क्रिकेट संघटना अशा तीन जुन्या संघटना एकाच राज्यात आहेत आणि मराठवाड्यातला क्रिकेटपटू यांतल्या तिसरीच्या छत्राखाली खेळतो. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने ही अट मागे घेतली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये विश्रांतीचा नियमही सैल केला. यांपैकी प्रत्येक टप्प्यावर इंग्रजीत विपुल लिहिले गेले. मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर बातमी येत राहिली, तथापि एका राज्याला तीन मते असण्याने परभणीच्या किंवा धाराशिवच्या खेळाडूला संधी अधिक मिळते की कमी, हा हिशेब मात्र फारसा कुणी मांडला नाही.

क्रिकेट आणि मराठवाडा यांचा न्यायालयात खरा आमनासामना झाला तो २०१६ च्या दुष्काळात. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली; दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेच्या याचिकेवर न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. एम. एस. कर्णिक यांच्या खंडपीठाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. खेळपट्ट्या आणि मैदाने राखण्यासाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा त्या वेळी चर्चेत होता. मंडळाच्या आणि संघांच्या बाजूने सांडपाण्यावर प्रक्रिया करून वापरण्याची तयारी दाखवली गेली, परंतु ती पुरेशी ठरली नाही, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही आणि २९ मे रोजी अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला झाला.

या आदेशावर वकिलांची मते दुभंगली होती, आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. एका बाजूचे म्हणणे असे की, उसाला लागणाऱ्या पाण्यापुढे मैदानाचे पाणी नगण्य आहे, मैदान सुकवून लातूरच्या घागरीत थेंबही पडणार नाही आणि न्यायालयाने प्रतीकांच्या मागे लागू नये. दुसरी बाजू अशी की, जगण्याच्या हक्कात पिण्याच्या पाण्याचा समावेश होतो आणि पाणीवाटपात पिण्याला पहिले स्थान देणे हे राज्याच्याच जलनीतीचे वचन आहे, तेव्हा त्या वचनाविषयी शासनाला प्रश्न विचारणे हा न्यायालयाचा अधिकार आहे. विचार करता दुसरी बाजू अधिक ग्राह्य वाटते, कारण त्या खटल्यातला मुख्य प्रतिवादी क्रिकेट नव्हते, शासन होते. शिवाय त्याच महिन्याच्या अखेरीस औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात आधी ५० आणि पुढे ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला, तेव्हा मैदानाच्या प्रकरणातला विचार जायकवाडीच्या पाण्यावर चालणाऱ्या कारखान्यांपर्यंत येऊन पोहोचला आणि प्रतीकाचा आक्षेप तेथे लंगडा पडला. वाहिन्यांवर मुंबईच्या आदेशाची चर्चा आठवडाभर चालली, औरंगाबादच्या आदेशाची त्या मानाने फार थोडी. ज्या वकिलांनी हे दोन्ही आदेश एकत्र वाचून दाखवले त्यांनी आपल्या भूमिकेला न्याय दिला.

क्रीडा प्रशासनाचा प्रश्न मोठ्या संघटनांपुरता मर्यादित नाही, हे छत्रपती संभाजीनगरला डिसेंबर २०२४ मध्ये कळून चुकले. विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून सुमारे २१ कोटी ५९ लाख रुपये वळवले गेल्याची तक्रार झाली आणि संकुलातल्या एका कंत्राटी संगणक चालकाविरुद्ध गुन्हा दाखल झाला. तपासातून पुढे आलेली हकीगत अशी : कार्यालयाच्या जुन्या लेटरहेडचा वापर करून बँकेला पत्र गेले, त्यात खात्याला जोडलेला ई-मेल पत्ता बदलण्याची विनंती होती, नवा पत्ता जुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा, एखाद्या अक्षराच्या फरकाचा होता, आणि त्याच्या आधारे इंटरनेट बँकिंग सुरू करून रक्कम टप्प्याटप्प्याने काढण्यात आली. आरोप सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होतील. चर्चा मात्र महागड्या गाड्या आणि सदनिका यांभोवतीच फिरत राहिली, कारण त्या छायाचित्रात दिसतात. कायद्याच्या जाणकाराने विचारायचा प्रश्न वेगळा होता : संकुलाचे रोखपुस्तक आणि बँकेचा खातेउतारा यांचा दरमहा मेळ कुणी घालायचा होता, त्यावर सही कुणाची हवी होती, आणि समितीच्या बैठकीसमोर तो ताळेबंद कधी ठेवला गेला. अपहार करणाऱ्यासाठी दंडविधान आहे; ज्याने पाहायला हवे होते आणि पाहिले नाही त्याच्यासाठी खातेनिहाय चौकशीचे नियम आहेत, परंतु त्यांविषयी चौकात किंवा पडद्यावर कुणी बोलत नाही. ज्या निधीतून धावपट्टी दुरुस्त व्हायची, जलतरण तलाव चालायचा, त्याविषयी हे मौन चटका लावणारे आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम संमत केला आणि या क्षेत्राला प्रथमच केंद्रीय कायद्याचे अधिष्ठान मिळाले. तोवर सगळी भिस्त २०११ च्या क्रीडा संहितेवर, म्हणजे मंत्रालयाच्या सूचनांच्या संकलनावर होती. संघटनांना मान्यता देणारे राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद सोडवणारे क्रीडा न्यायाधिकरण, कार्यकारिणीत नामांकित खेळाडू आणि महिला यांना राखीव स्थान ही त्याची जमेची बाजू आहे. २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट असल्यामुळे क्रिकेट मंडळही त्याच्या कक्षेत येते. उलट, ७० ते ७५ वयोगटातल्या पदाधिकाऱ्यांना सशर्त मोकळीक देऊन आणि माहितीचा अधिकार शासकीय अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरता ठेवून लोढा समितीने घट्ट केलेल्या दोन गाठी या कायद्याने सैल केल्या आहेत, आणि क्रिकेट मंडळ अनुदान घेत नसल्यामुळे दुसऱ्या सवलतीचा लाभ कुणाला होणार हे सांगण्याची गरज नाही.

हा कायदा बघतो तो प्रामुख्याने राष्ट्रीय संघटनांकडे. कबड्डी, खो-खो, कुस्ती, ॲथलेटिक्स यांच्या जिल्हा संघटना संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदलेल्या असतात, आणि त्यांचे बहुतेक वाद एका साध्या अर्जावर येऊन ठेपतात. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले की १९५० च्या अधिनियमाच्या २२ व्या कलमाखाली ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला बदल कळवावा लागतो; वकिली बोलीत याला चेंज रिपोर्ट म्हणतात. संघटनेत फूट पडली की दोन्ही गट आपापल्या सभेचे इतिवृत्त जोडून आपापला चेंज रिपोर्ट दाखल करतात, सभेची सूचना सर्वांना पोहोचली होती का, गणपूर्ती झाली होती का, यावर साक्षी होतात, आणि निर्णय होईपर्यंत हंगाम उलटून जातो. मधल्या काळात दोन्ही गट जिल्ह्याच्या निवड चाचण्या घेतात, दोन संघ निघतात आणि दोन प्रकारची प्रमाणपत्रे वाटली जातात. शासकीय नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी हीच प्रमाणपत्रे विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात पडताळणीला येतात. बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आल्यापासून ही पडताळणी कडक झाली आहे, आणि त्या कडकपणाची झळ प्रामाणिकपणे खेळलेल्या परंतु चुकीच्या गटाची सही असलेल्या खेळाडूलाही बसते. दहाव्या परिशिष्टातला खरा पक्ष कोणता हा प्रश्न आणि चेंज रिपोर्टमधला खरी संघटना कोणती हा प्रश्न यांची बांधणी एकच आहे. पहिल्यावर घटनापीठ बसले, दुसऱ्यावर सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तारखा पडत असतात. या दुसऱ्या प्रश्नावर मराठीत नेमकेपणाने लिहिणारे वकील अजून थोडे आहेत, आणि पुढील प्रकरणांतले विवेचन त्या कार्यालयातल्या नोंदवहीपासूनच सुरू होते.